‘प्रभात’चे तीन संगीत-दिग्दर्शक



एकाच घराण्यांतील तीन गवयांची तुलना करणें फारसें अवघड नसतें. राग तोच, ताल तोच, चीजहि पुष्कळदां तीच. मग जो फरक उरतो तो ज्याचा त्याचा. चित्रपटाच्या संगीतांत अशी सोय सहसा मिळत नाहीं. संस्था निराळी, गोष्ट निराळी, यंत्रें निराळीं आणि नटहि निराळे. त्यामुळें अमुक संगीतकार श्रेष्ठ कीं तमुक, हा वाद शेवटीं केवळ आवडीनिवडीचा होऊन बसतो. परंतु आपल्या महाराष्ट्रांत एक उदाहरण असें घडलें आहे कीं, तेथें ही तुलना बऱ्याच अंशीं न्यायानें करतां येते. तें उदाहरण ‘प्रभात फिल्म कंपनी’चें. १९३२ पासून १९४१ पर्यंतच्या दहा वर्षांत या एका संस्थेच्या बोलपटांना मुख्यतः तिघांनीं चाली दिल्या: गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर. संस्थेचे चालक बहुतेक तेच, कारागीर पुष्कळसे तेच आणि प्रेक्षकहि तेच. बदलला तो संगीत रचणारा हात. या तीन हातांचा वेगळेपणा कशांत आहे, तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे. मी संगीतशास्त्री नव्हे. जन्मभर मुलांना शिकविलेला आणि फावल्या वेळांत गाणें ऐकलेला एक शाळामास्तर आहें. तेव्हां परिभाषेचें ओझें आपणांवर पडणार नाहीं.

हा वाद जुन्या माणसांचाच आहे असें मात्र समजूं नये. आजचीं मुलें जे व्हिडिओ-खेळ खेळतात, त्यांतहि तो जसाच्या तसा चालूं आहे. ‘फायनल फँटसी’ नांवाची एक जपानी खेळमाला १९८७ पासून निघत आहे. तिच्या पहिल्या नऊ भागांचें संगीत मुख्यतः नोबुओ उएमात्सु या एका गृहस्थांचें. २००१ सालच्या दहाव्या भागांत त्यांच्या जोडीस आणखी दोघे आले, आणि २००६ मध्यें निघालेल्या बाराव्या भागाचें बहुतेक संगीत हितोशी साकिमोतो यांनीं रचलें. माझा नातू व त्याचे सोबती यांच्यांत उएमात्सु मोठा कीं साकिमोतो मोठा, यावर जें भांडण जुंपतें, तें ऐकून मला आमच्या वडील मंडळींच्या ओसरीवरील टेंबे-भोळे वादाचीच आठवण होते. त्या मुलांना मीं एवढेंच विचारलें कीं, पहिल्या भागाच्या वेळीं यंत्रांतून एका वेळीं किती सूर निघत होते? उत्तर आलें: तीन सूर आणि एक खरखराट, जवळजवळ इतकेंच. तर मग ज्यास तीन सुरांत सर्व कांहीं सांगावयाचें होतें आणि ज्यास शंभर वाद्यांचा भरणा मिळाला, त्या दोघांस एकाच तराजूंत कसें घालावयाचें?

म्हणून तुलना करण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. रचनाकाराच्या हातीं साधनें कोणतीं होतीं? गोष्टीनें त्याच्याकडे काय मागितलें? आणि हीं दोन्ही वजा केल्यावर जें उरतें, तें त्याचें स्वतःचें असें काय? या तिसऱ्या शिल्लकेसच शैली म्हणावें.

आतां ‘प्रभात’कडे वळूं. ही कंपनी १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरास स्थापन झाली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर व सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पांच भागीदार. १९३३ मध्यें ती पुण्यास आली. तिच्या पुण्याच्या आवारांतच पुढें १९६० सालीं सरकारी चित्रपट-शिक्षणसंस्था सुरू झाली. ‘प्रभात’चा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालीं निघाला. मराठींतील पहिला बोलपट तोच.

माझें राहणें शीळफाट्याजवळ. तेथें कल्याण-डोंबिवलीकडचा, मुंब्रा-ठाण्याकडचा आणि पनवेलीकडचा असे रस्ते एका ठिकाणीं मिळतात. एकाच फाट्यावर उतरलेले तीन प्रवासी घटकाभरानें तीन गांवीं पोंचलेले असतात. आपल्या तिघां संगीतकारांचेंहि असेंच आहे. त्यांचा फाटा एकच, आणि तो म्हणजे मराठी संगीत नाटक. टेंबे हे हार्मोनियमचे नामांकित वादक. भास्करबुवा बखले यांच्या सहवासांत तयार झालेले. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्या, आणि १९१३ मध्यें गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हां बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्याबरोबर तेहि तिचे एक मालक होते. मास्तर कृष्णराव हे तर बखलेबुवांचे पट्टशिष्य. गंधर्व मंडळींत त्यांनीं कामें केलीं व अनेक नाटकांना चाली दिल्या. भोळे यांचाहि रंगभूमीशीं जवळचा संबंध होता; परंतु ते जितके गाणारे तितकेच चिकित्सक. गायकांच्या गुणदोषांवर त्यांनीं पुष्कळ लिहिलें. १९३३ मध्यें ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक रंगभूमीवर आणलें, त्याचें संगीत त्यांचें होतें. पदांची गर्दी काढून टाकून प्रसंगास शोभतील तेवढींच मोजकीं गाणीं घालण्याचा तो प्रयत्न होता. त्यांच्या पुढील कामाचें बीज येथेंच दिसतें.

प्रथम टेंबे यांचें काम पाहूं. ‘अयोध्येचा राजा’, ‘अग्निकंकण’, ‘मायामच्छिंद्र’, ‘सिंहगड’, ‘सैरंध्री’ हे १९३२-३३ चे बोलपट त्यांच्या संगीताचे. त्या वेळीं साधनें कशीं होतीं हें ध्यानांत घेतलें पाहिजे. पार्श्वगायनाची रीत अद्याप आली नव्हती; ती हिंदी चित्रपटांत १९३५ च्या ‘धूप छांव’पासून रूढ होऊं लागली. तेव्हां जो दिसेल त्यानेंच गावें आणि चित्र घेतलें जात असतांनाच गावें, असा प्रकार. साथीदारांनीं चित्राच्या चौकटीबाहेर दडून वाजवावयाचें, आणि गाणाऱ्यानें ध्वनिग्राहकापासून फारसें हलावयाचें नाहीं. म्हणजे यंत्रच नटास जागच्या जागीं उभें करीत होतें. त्यांत प्रेक्षक आले ते नाटकाच्या पदांस चटावलेले. ‘अयोध्येचा राजा’ मध्यें टेंबे यांनीं चाली तर दिल्याच, शिवाय पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतांना हरिश्चंद्राची भूमिकाहि स्वतः केली.

अशा स्थितींत त्यांनीं गाणें स्वयंपूर्ण केलें, हें योग्यच झालें. त्यांच्या चालीचा मुखडा एकदां ऐकला कीं मनांत बसतो. राग लपत नाहीं, पण तो शिकवणीसारखा अंगावरहि येत नाहीं. उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याचा डौल मराठी शब्दांत कसा बसवावा, ही हातोटी ‘मानापमान’पासून त्यांस साधलेली होती. हार्मोनियमवर सूर एकामागून एक स्वच्छ पडतात, तसेच त्यांच्या चालींत सुरांचे टप्पे स्वच्छ पडतात. उणीव एकच: गाणें सुरू झालें म्हणजे गोष्ट हात जोडून बाजूस उभी राहते. राजा असो कीं राणी, सुखांत असो कीं स्मशानांत, गातांना तीं सर्व एकाच रंगभूमीवरून आल्यासारखीं वाटतात. यांतील कांहीं भाग यंत्राच्या पदरीं टाकावा लागेल. पण कांहीं टेंबे यांच्या वृत्तीचाहि आहे. त्यांच्या दृष्टीनें गाणें हा मुख्य पाहुणा होता.

काळाच्या क्रमानें यानंतर भोळे यावे. परंतु समजण्याच्या सोयीसाठीं मी मास्तर कृष्णरावांस आधीं घेतों. ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘अमरज्योति’ (१९३६), ‘गोपाळकृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) हे त्यांचे प्रमुख बोलपट. मास्तरांची बुद्धि खेळकर. रागाच्या घरांत शिरून भलत्याच दारानें बाहेर यावें आणि ऐकणाऱ्यास तें दार तेथें पूर्वींपासून होतेंच असें वाटावें, ही त्यांची कला. त्यांच्या चालींना हालचाल आवडते. समूहानें गावें, फेर धरावा, अशी त्यांची लय असते. ‘शेजारी’तील समूहनृत्याचें गाणें याची साक्ष देईल. ‘गोपाळकृष्ण’ मध्यें बाळकृष्णाचें काम राम मराठे या मुलानें केलें; तेच पुढें मास्तरांपाशीं शिकून मोठे गवई झाले आणि ठाण्यास राहूं लागले. त्यांच्या नांवानें ठाण्यास संगीतोत्सव होतो. मास्तरांचें गाणें चित्रपटांतून निघून मैफलींत किती सहज जाऊन बसत असे, याचें हें एक जिवंत उदाहरण.

तथापि मास्तर केवळ गाणें सजवीत बसले असें मानणें अन्यायाचें होईल. ‘माणूस’ मधील मैनेचें प्रसिद्ध गाणें आठवा. शांता हुबळीकर यांनीं तें गायिलें आहे. निरनिराळ्या प्रांतांच्या भाषा त्यांत एकामागून एक येतात आणि भाषेबरोबर चालीचाहि पेहराव बदलतो. ही गंमत फुकटची नव्हे. मैना ही बाजारांत बसलेली स्त्री. ज्या मुलखाचें गिऱ्हाईक असेल त्या मुलखाच्या बोलींत तिनें हसून गावें, हा तिचा धंदा. उद्यांची काळजी कशाला, असें ती सांगते. पण ऐकणाऱ्यास कळतें कीं, काळजी करण्यासारखा उद्यां तिला नाहींच. एवढ्या खेळकर चालीच्या पोटांत एवढें दुःख ठेवणें हें मास्तरांचें कौशल्य. आणि हें गाणें चित्रपटावांचून ऐकलें तरी गोड लागतें, हेंहि लक्षांत ठेवावें. त्याचें कारण पुढें येईल.

आतां केशवराव भोळे. ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) व ‘संत सखू’ (१९४१) हे त्यांचे. भोळे यांचा प्रश्नच निराळा. चाल चांगली कशी होईल, असें ते आधीं विचारीत नसावेत. हें माणूस या घटकेस गाईल काय, आणि गाईल तर किती, असें विचारीत असावेत, असें त्यांचें काम पाहून वाटतें.

येथें एक उत्तम तुलना आपल्या हातीं येते. ‘धर्मात्मा’ आणि ‘संत तुकाराम’ हे दोन्ही संतचरित्राचे बोलपट, दोन्ही ‘प्रभात’चे, एका वर्षाच्या अंतरानें निघालेले. पहिल्याचे दिग्दर्शक शांताराम, दुसऱ्याचे दामले-फत्तेलाल. पहिल्यांत एकनाथ झाले होते बालगंधर्व, संगीत मास्तरांचें. दुसऱ्यांत तुकाराम झाले होते विष्णुपंत पागनीस, संगीत भोळे यांचें. बालगंधर्वांचा गळा ऐकण्यास आलेल्या प्रेक्षकांना साधें सरळ भजन देऊन परत पाठविणें हें मास्तरांस शक्य नव्हतें व इष्टहि नव्हतें. तेथें चाल गळ्यासाठीं होती. पागनीस हे भजनाच्या वळणाचे. त्यांच्या गळ्यांत आर्जव होतें, दिमाख नव्हता. भोळे यांनीं तेवढेंच घेतलें. चाल वारकऱ्याच्या टाळेंत बसेल इतकी साधी ठेवली, आणि तान टाळली. परिणाम असा झाला कीं, त्या चित्रपटासाठीं शांताराम आठवले यांनीं स्वतः रचलेला एक अभंग पुष्कळांनीं तुकोबांचाच समजून गाथेंत शोधला. शब्दांचें श्रेय आठवले यांचें. पण चालीनें जर किंचितहि नाटकी मुरका मारला असता, तर ही फसगत झाली नसती.

त्याच चित्रपटांतील सालोमालोकडे पाहा. तुकोबांचे अभंग तो आपले म्हणून मिरवितो. शब्द तुकोबांचेच, पण सालोमालोच्या तोंडीं ते आले कीं गाणें दिखाऊ होतें, हातवारे करूं लागतें. दोन माणसांतील अंतर भोळे यांनीं कोणतेंहि भाषण न करतां केवळ गाण्याच्या ढंगांतून दाखविलें. ‘संत तुकाराम’ मुंबईस वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्यें व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवांत गौरविला गेला. तेथील परीक्षकांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. तरी खरा भक्त कोण आणि सोंगाड्या कोण, हें त्यांस कानानेंहि कळलें असेल.

‘कुंकू’ मध्यें भोळे आणखी एक पाऊल पुढें गेले, आणि तें फार धाडसाचें होतें. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून हा चित्रपट घेतलेला. म्हाताऱ्या काकासाहेबांशीं कपटानें लग्न लावून दिलेल्या तरुण नीरेची ती कथा. या चित्रपटांत पार्श्वसंगीत जवळजवळ नाहींच. नीरा रडली म्हणून कोठूनसें सारंगीचें रडणें ऐकूं येत नाहीं. जो आवाज येतो तो त्या घरांतला, त्या रस्त्यावरचा. भिंतीवरील जुनें घड्याळ वाजतें, रस्त्यानें गाणारा भिकारी गात जातो, आणि नीरा गाते तेव्हां घरांतील मुलगी गुणगुणेल तशी गाते. लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविताहि ती म्हणते. घड्याळाच्या ठोक्यांत त्या म्हाताऱ्याचें वय आणि त्या मुलीची कोंडी दोन्ही ऐकूं येतात. ज्या काळीं गाण्यांच्या संख्येवर बोलपटाची किंमत ठरत असे, त्या काळीं संगीत-दिग्दर्शकानें संगीत न घालण्याचें ठरवावें, हें साधें काम नव्हे. शांततेलाहि रचनेंत घेतां येतें, हें भोळे यांनीं येथें दाखविलें.

भोळे यांच्यांत दोष नाहीं असें नाहीं. त्यांच्या चाली अंगानें बारीक. मैफलींत बसून त्यांची बढत करूं म्हटलें तर गवयास पाय पसरण्यास जागा मिळत नाहीं. मास्तरांची चाल म्हणजे चौसोपी वाडा; भोळे यांची चाल म्हणजे एका माणसापुरती खोली, त्याच माणसाच्या मापाची.

आतां तिघांस एकत्र ठेवूं आणि एक सोपी कसोटी लावूं. चित्रपटांतून गाणीं कातरीनें कापून बाहेर काढलीं, तर काय उरतें? टेंबे यांचें गाणें जवळजवळ पुरतें उरतें, कारण तें मुळांतच स्वयंपूर्ण होतें. मास्तरांचें बहुतेक उरतें. ‘माणूस’ मधील गाण्याचा गोडवा राहतो, त्यांतील डंख मात्र चित्रपटांतच राहून जातो. आणि भोळे यांचें निम्में नाहींसें होतें. सालोमालोची फजिती त्या दोन ढंगांच्या शेजारांत होती. घड्याळाचा ठोका आणि घरांतील शांतता हीं तर कोणत्याच तबकडीवर येत नाहींत.

यांतून महत्त्वाची गोष्ट निघते, आणि तीच मला आज सांगावयाची होती. आपण जुनें चित्रपट-संगीत ऐकतों तें गाणीं सुटीं काढून. पूर्वीं तबकडीवर ऐकत होतों, आतां खिशांतील फोनवर ऐकतों. या संवयीनें आपण न कळत एका पक्षास मत देऊन बसलों आहों. जें सुटें निघतें तेंच संगीत, आणि जें चित्रांत विरघळलें तें कांहींच नव्हे, असा आपला समज झाला आहे. मग भोळे यांच्या नांवावर दोन-चार अभंग जमा होतात आणि त्यांचें खरें काम हिशेबांतूनच गळतें. ज्यानें आपली कला गोष्टींत विरघळविली, त्याच्या कामाची नोंदच राहूं नये, हा त्याच्यावर अन्याय तर आहेच, पण पुढच्या रचनाकारांस एक वाईट धडाहि आहे. शांत बसण्याचें श्रेय कोणी देत नसेल तर शांत बसेल कोण? आजच्या पुष्कळ चित्रपटांत पार्श्वसंगीत पात्रास श्वास घेऊं देत नाहीं, त्याचें एक कारण आपल्या या ऐकण्यांतहि आहे.

श्रेष्ठ कोण, असें कोणी विचारील. गाणें म्हणून मला मास्तर अधिक आवडतात, हें मी लपवीत नाहीं. पण चित्रपटाचें संगीत म्हणून विचाराल, तर मी भोळे यांचें नांव घेईन. आणि टेंबे यांनीं पहिल्या दोन वर्षांत त्या हट्टी यंत्रासमोर उभें राहून गाणें टिकविलें नसतें, तर या दोघांना कांहीं सजविण्यास किंवा टाकून देण्यास उरलेंच नसतें, हेंहि मान्य केलें पाहिजे. तिघांच्या हातीं साधनें निराळीं होतीं आणि त्यांच्याकडे मागणी निराळी झाली. तरी हीं दोन्ही वजा करून जी शिल्लक उरते ती प्रत्येकाची स्पष्ट ओळखतां येते.

शेवटीं एक सूचना. ‘अयोध्येचा राजा’, ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ हे तीन चित्रपट घरांतील लहानथोरांनीं मिळून, पाठोपाठच्या तीन रविवारीं, पहिल्यापासून अखेरपर्यंत पाहावे. गाणीं आलीं कीं पुढें सरकवूं नयेत, आणि गाणीं नसतील तेथेंहि कान उघडे ठेवावे. मग मुलांनीं आपल्या खेळांतील संगीताबद्दल काय वाटतें तें सांगावें, आणि वडिलांनीं तें मनावर घेऊन ऐकावें. तींच तीन प्रश्नांची कसोटी तेथेंहि लागू पडेल.